धुरजड आणि उलाळ

गेल्या वर्षी मृगाच्या आधीची गोष्ट. शेतातल्या आखाड्यावर लिंबाच्या सावलीत उभा राहून मी धनुष्य ओढत होतो आणि अण्णा बाजेवर बसून बघत होते. अण्णा म्हणजे माझे वडील. वय ऐंशीच्या घरात, जन्म काळ्या मातीत गेलेला, धनुष्याला आयुष्यात कधी हात लावलेला नाही. चार बाण होईपर्यंत काही बोलले नाहीत. पाचव्याला म्हणाले, "कामून खाली यायलंय रे तोंड त्याचं? धुरजड झालंय ते."

मी ओढलेली दोरी हळूहळू परत सोडली आणि त्यांच्याकडं बघत राहिलो. तीन आठवडे मी ज्या गोष्टीशी झगडत होतो, तिला आमच्या घरात आधीपासून नाव होतं.

आता बैलगाड्या कमी झाल्या, म्हणून सांगतो. गाडीत कडबा भरताना भार पुढं जास्त झाला की जू बैलांच्या मानेवर बसतं, बैल मान खाली घालून रेटत राहतात. ती गाडी धुरजड. भार मागं जास्त झाला की धुरा वर उचलला जातो, जू मानेवरून सुटायला बघतं आणि बैलांच्या गळ्याला ताण बसतो. ती गाडी उलाळ. अण्णा कडबा भरून झाला की बैल जुंपायच्या आधी जू एका हातानं उचलून बघायचे. दोनचार पेंढ्या पुढच्या मागं किंवा मागच्या पुढं करायचे आणि परत उचलून बघायचे. लहानपणी मला वाटायचं, भार बरोब्बर मधे आला की झालं. पण तसं ते करत नसत. थोडासा भार बैलाच्या मानेवर ठेवत. "मानेवर काहीच नसलं तर बैलाला गाडी कळत नाही," असं त्यांचं म्हणणं.

हे धनुष्य माझ्याकडं आलं ते चुलतभावामुळं. तो अमेरिकेत, विस्कॉन्सिनमध्ये असतो. तिकडं पांढऱ्या शेपटीच्या हरणांची शिकार परवाना काढून, ठरलेल्या हंगामात, मोजून करतात. शेजाऱ्यांच्या सोबतीनं त्यानं दोन हंगाम केले आणि पुढं लेकरू झाल्यावर सोडून दिलं. मी कॉलेजात असताना बांबूच्या धनुष्यावर इंडियन राउंड ही आपल्याकडची स्पर्धा खेळलो होतो हे त्याला माहीत होतं. एका खेपेला येताना तो आपलं कम्पाउंड, म्हणजे टोकांना चाकं असलेलं, धनुष्य सामानात घालून घेऊन आला. शिकारीची धारदार पाती तिकडंच ठेवली होती, सोबत होते साधे, गोल टोकाचे सरावाचे बाण. "दादा, माझ्याकडं खुंटीवर लटकून राहण्यापेक्षा तुझ्याकडं राहू दे," म्हणाला.

शिकारीचं धनुष्य आणि परभणी जिल्हा. या दोन गोष्टी शेजारी ठेवल्या की लोक पहिला प्रश्न हरणांचाच विचारतात. आमच्या शिवारात काळवीट भरपूर. हरभरा वितभर झाला की कळप उतरतो, ज्वारीचं कोवळं पीक एका रात्रीत खुडून नेतो, आणि रानडुकरांचा उपद्रव वेगळाच. शेतकऱ्याचं नुकसान खरं आहे, त्याचा राग खरा आहे, आणि मी त्याच घरातला आहे. तरीही १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं काळविटाला पहिल्या अनुसूचीत घातलंय, आणि कायदा नसता तरी माझा बाण त्याच्यावर गेला नसता. लहानपणी मी जोंधळ्यातल्या माळ्यावर बसून गोफण फिरवलेली आहे. त्या गोफणीचं काम पाखरं उठवण्याचं होतं. दगड जोंधळ्याच्या कणसांवरून जावा आणि आवाज व्हावा, एवढंच. हे धनुष्य माझ्याकडं आल्यापासून कागदाच्या निशाणावरच चाललंय.

पण ते बनलंय शिकारीसाठी, आणि हे त्याच्या अंगाअंगात दिसतं. निशाणीच्या स्पर्धेचं कम्पाउंड चाकाच्या आसापासून आसापर्यंत ३७ ते ४० इंच असतं. हे जेमतेम ३१. झाडावरच्या मचाणात, फांद्यांच्या गर्दीत वळवता यावं म्हणून आखूड ठेवलेलं. आखूड धनुष्य हाताच्या प्रत्येक चुकीला लगेच उत्तर देतं. मुठीत जरा पीळ पडला की तेही पिळतं, लांब धनुष्य त्या मानानं पुष्कळ सोसून घेतं. म्हणून शिकारीच्या धनुष्यासाठी स्टॅबिलायझर निवडणं मला स्पर्धेच्या धनुष्यापेक्षा अवघड वाटतं. जागा कमी, वजन कमी ठेवायचं, आणि गरज मात्र जास्त.

स्टॅबिलायझर म्हणजे धनुष्याच्या पुढच्या अंगाला मुठीच्या खाली आट्यांनी बसवलेला दांडा, त्याच्या टोकाला वजनं. अमेरिकेतले धनुष्यकार अर्ल हॉइट यांनी १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला ही गोष्ट प्रचारात आणली. त्याच दशकात मिसुरीच्या हॉलिस विल्बर ॲलन यांनी चाकांचं कम्पाउंड धनुष्य बनवलं, १९६६ मध्ये पेटंटचा अर्ज केला आणि १९६९ च्या डिसेंबरात त्यांना ते मिळालं. कम्पाउंडची खुबी अशी, की पूर्ण ओढल्यावर भार एकदम उतरतो. माझं धनुष्य ओढायला ६० पौंडांचा जोर लागतो आणि लेट-ऑफ, म्हणजे हा उतार, ८० टक्के. म्हणजे पूर्ण ओढलेल्या अवस्थेत बोटांवर फक्त १२ पौंड उरतात. त्यामुळं नेम धरून पाचसात सेकंद थांबता येतं. त्या पाचसात सेकंदांतच सगळं घडतं. साइटमधली, म्हणजे नेम धरायच्या चौकटीतली, पिन निशाणावर फिरत राहते, आणि तुम्ही काय आहात ते तुम्हाला दिसतं.

ती किती फिरलेली चालते? कम्पाउंडच्या स्पर्धेत अंतर ५० मीटर आणि दहा गुणांचं वर्तुळ ८ सेंटिमीटर व्यासाचं. वर्तुळाच्या मध्यापासून कडेपर्यंत ४ सेंटिमीटर. डोळ्यापासून पिन साधारण ८० सेंटिमीटरवर असते. त्रैराशिक मांडलं तर पिन पाऊण मिलिमीटरसुद्धा हलायला नको. त्याच्या आतच ती दहाच्या कडेवर पोचलेली असते. जिवंत माणसाचा हात एवढा स्थिर राहत नाही. श्वास आहे, नाडी आहे, खांद्यातले स्नायू आळीपाळीनं काम करतात. हात थांबवणं कुणाच्याच हातात नाही. स्टॅबिलायझर हात थांबवत नाही, हलण्याचा वेग कमी करतो.

डोंबाऱ्याच्या खेळात दोरीवरून चालणारी पोर लांब काठी आडवी धरते. आठवडी बाजाराच्या कडेला आम्ही तो खेळ बघायचो. तेव्हा ती काठी शोभेची वाटायची. तोल जायला लागला की काठीला फिरायला वेळ लागतो, आणि तेवढ्या वेळात पोर पाऊल सावरते. धनुष्याचं तसंच आहे. यात एक हिशोब आहे तो मला फार आवडतो. टोकाचं वजन दुप्पट केलं तर फिरण्याला होणारा विरोध दुप्पट होतो. पण वजन तेवढंच ठेवून ते मुठीपासून दुप्पट लांब नेलं तर विरोध चौपट होतो. ८ इंचांवरचं वजन १२ इंचांवर नेलं की स्थैर्य सव्वादोन पट. तोंड खाली ओढणारा भार मात्र लांबीच्या सरळ प्रमाणातच वाढतो, म्हणजे दीडपट. त्यामुळं जड आणि आखूड यापेक्षा हलकं आणि लांब हे बहुतेक वेळा फायद्याचं. जागेची अडचण नसेल तर.

भावानं दिलेल्या धनुष्याला ६ इंचांचा रबरी तुकडा होता. जाड, मऊ, बोटानं वाकणारा. तो तोलासाठी नाहीच, हे मला बऱ्याच उशिरा उमगलं. शिकाऱ्याची अडचण वेगळी असते. बाण सुटल्यावर दोरीची आणि धनुष्याची जी थरथर होते, तिचा आवाज हरणापर्यंत बाणाच्या आधी पोचतो. ३० यार्डांवर, म्हणजे २७ मीटरच्या आसपास, आवाजाला सेकंदाचा बारावा हिस्सा लागतो. बाणाला जवळजवळ चारपट वेळ लागतो. तेवढ्यात हरीण पळण्यासाठी पाय दुमडून खाली दबतं आणि बाण पाठीवरून निघून जातो, किंवा त्याहून वाईट म्हणजे नुसता जखमी करून जातो. म्हणून तिकडचा शिकारी आधी आवाज मारायला बघतो. रबर थरथर पिऊन घेतं, तिथं ते योग्यच आहे. पण नेम धरताना ६ इंचांवरच्या त्या हलक्या रबराचा उपयोग नावापुरताच. कागदाला कान नसतात. मला हवं होतं ते दुसरंच.

मी आधी चुकीच्या दिशेनं गेलो. शहरातल्या मैदानावर सराव करणाऱ्या एका मुलाकडून ३० इंची लांब दांडा महिन्याभरासाठी मागून आणला. त्यामागं विचार एवढाच होता, की मोठे खेळाडू असाच वापरतात. २०२३ च्या ऑगस्टमध्ये बर्लिनच्या जागतिक स्पर्धेत साताऱ्याची अदिती स्वामी १७ व्या वर्षी विश्वविजेती झाली, अंतिम लढतीत १४९-१४७. त्याच दिवशी नागपूरचा ओजस देवतळे १५० पैकी १५० मारून जिंकला. १५ बाण, पंधराही दहात. तो अंतिम सामना मी किती वेळा पाहिला असेल ते सांगता येणार नाही. त्यांच्या धनुष्याला पुढं लांब दांडा, मागं आखूड दांडा, टोकांना वजनांच्या चकत्या. ते बघून कुणालाही वाटतं, हाच लावावा. पण त्यांचं धनुष्य त्या दांड्याला साजेल एवढं लांब आहे आणि तो भार पेलणारे खांदे वर्षानुवर्षं तयार केलेले आहेत. माझ्या ३१ इंची धनुष्याला तो दांडा लावला आणि पहिले दोन बाण सुंदर गेले. पिन एखाद्या डबक्यातल्या पानासारखी संथ. तिसऱ्यापासून तिसऱ्या-चौथ्या सेकंदाला ती वर्तुळाच्या खालून बाहेर पडायला लागली. मी वर उचलायचो, ती परत खाली. तीन आठवडे मी स्वतःच्या खांद्याला दोष देत राहिलो. मग अण्णांनी बाजेवरून सांगितलं, धुरजड झालंय.

त्या संध्याकाळी मी दांडा काढून ठेवला आणि ठरवलं की विकत काहीही घ्यायच्या आधी आपल्या हाताला काय हवंय ते शोधायचं. त्याला काही महाग सामान लागत नाही. पोकळ नळी, बोल्ट आणि वॉशर पुरतात.

इथं एक गोष्ट मुद्दाम लिहितो, कारण ती कळेपर्यंत माझ्या हातून धनुष्य खराब व्हायचं राहिलं. स्टॅबिलायझरचे आटे सगळ्या कंपन्यांचे एकच असतात : पाच-सोळांश इंच व्यास, इंचाला २४ आटे. आपल्याकडं हार्डवेअरच्या दुकानात मिळतो तो आठ एमएमचा बोल्ट. व्यास जवळजवळ तोच, ७.९४ मिलिमीटर आणि ८. हातानं लावला तर एक-दीड वेढा आत जातो आणि वाटतं, बसला. पण त्याच्या आट्यांमधलं अंतर सव्वा मिलिमीटर, आणि इंची बोल्टाचं एकाहून थोडंच जास्त. पाना लावून जोर केला की ॲल्युमिनियमचे आटे गेलेच. मी दुसऱ्या वेढ्याला अडकलं तिथं थांबलो, हे नशीब. मग एका मेकॅनिकनं सुचवलं, जुन्या ट्रॅक्टरच्या सुट्या भागांच्या दुकानात बघा. जुन्या मॉडेलांना इंची बारीक आट्यांचे बोल्ट लागतात, त्याला तिथं यूएनएफ म्हणतात. परभणीत मोंढ्याकडच्या एका दुकानात मला ते डब्यातून शोधून मिळाले. दुकानदारानं विचारलं, कुठल्या ट्रॅक्टरला? मी सांगितलं, धनुष्याला. त्यानं पूर्ण ऐकून घेतलं आणि आणखी दोन बोल्ट शोधून दिले.

लेथवाल्याकडून ॲल्युमिनियमच्या पोकळ नळीला दोन्ही टोकांना आटे पाडलेले तुकडे बसवून घेतले. पुढं लावायला एक नळी १२ इंचांची, मागं लावायला एक ९ इंचांची. वजनासाठी मडगार्डच्या मोठ्या वॉशर. सराफाच्या काट्यावर तोलल्या तर एक साधारण ८ ग्रॅम भरली. तिकडं सगळं औंसात बोलतात, एक औंस म्हणजे २८ ग्रॅमच्या वर थोडं. साडेतीन वॉशर म्हणजे एक औंस, असा माझा कोष्टक झाला.

बारा इंचच का? अनेक स्पर्धांत शिकारी धनुष्याच्या गटाला पुढचा दांडा १२ इंचांपेक्षा लांब चालत नाही, म्हणून तिकडं ती मर्यादा रुळली आहे. मला कुठल्या गटात खेळायचं नव्हतं. पण त्या मर्यादेत एक शहाणपण आहे असं मला वाटलं. एवढ्या आखूड धनुष्यावर त्याहून लांब काही लावलं की मागं तेवढं वजन टांगावं लागतं, आणि एकूण ओझं वाढत जातं. नुसतं शिकारीचं धनुष्य चार पौंडांच्या आसपास असतं. साइट, बाणांचा भाता, बाण टेकवायची रेस्ट, दांडे लावले की साडेपाच-सहापर्यंत कधी जातं ते कळत नाही. तेवढं ओझं सरळ केलेल्या डाव्या हातावर, चाळीस-पन्नास वेळा.

मग रोज संध्याकाळी, वारं पडल्यावर, ३० मीटरवरून ३६ बाण. निशाणामागं सोयाबीनचं भुसकट ठासून भरलेली पोती, त्यावर फोमची पाटी, त्यावर कागद. एका वेळी एकच बदल. पहिल्या दिवशी पुढं ७ वॉशर, मागं काहीच नाही. पिन वर्तुळातच, पण चाळवलेल्या माशीसारखी फिरणारी. पुढं १४ केल्या : संथ झाली आणि खाली झुकायला लागली. मागं १४ लावल्या : झुकणं कमी. मागं २१ : आणखी बरं. मागं ३५ लावल्या त्या दिवशी पिन वर चढायला लागली आणि बाण सुटल्यावर धनुष्याचं तोंड आकाशाकडं. मी अण्णांकडं बघितलं. ते म्हणाले, "उलाळ."

मागं एवढं वजन का लागतं, हा प्रश्न मला बरेच दिवस सतावत होता. साइट, पुढचा दांडा, धनुष्याच्या सांगाड्याचा बराचसा भाग मुठीच्या पुढं असतो. मागच्या बाजूला जवळपास काहीच नसतं. म्हणून मागचा दांडा आखूड असला तरी त्यावर पुढच्यापेक्षा दीडपट ते तिप्पट वजन ठेवायची रीत आहे. गाडी भरताना अवजड पोती मागच्या बाजूला थोडी आणि पुढं हलका कडबा उंच रचतात, तेही असंच असावं.

खाली-वर सुटलं, तसं डावं-उजवं उरलं. साइटमध्ये पाण्याच्या बुडबुड्याची छोटी नळी असते. गवंड्याच्या पाणसळीचीच बहीण. माझा बुडबुडा नेहमी एकीकडं. कारण उजव्या हाताच्या तिरंदाजाच्या धनुष्याला साइट आणि भाता दोन्ही उजव्या अंगाला लटकतात, आणि धनुष्याचा माथा उजवीकडं कलतो. मी तो मनगटानं सरळ करत होतो, म्हणजे प्रत्येक बाणाला मुठीत पीळ. मागचा दांडा सरळ मागं न ठेवता डावीकडं थोडा उघडला आणि जरा खाली झुकवला. मग डोळे मिटून धनुष्य ओढायचं, दोन श्वास थांबायचं, डोळे उघडायचे आणि बुडबुडा बघायचा. डोळे मिटल्यावर मनगट दुरुस्ती करत नाही. ही चाचणी मला सगळ्यात प्रामाणिक वाटली. तीन संध्याकाळी कोन बदलत गेलो आणि चौथ्या संध्याकाळी डोळे उघडले तेव्हा बुडबुडा दोन रेघांच्या मधे होता. परत मिटले, परत मधे. त्या दिवशी मी बाण मारलेच नाहीत. नुसती दोरी ओढत आणि हळूहळू परत आणत राहिलो.

वहीत मी प्रत्येक दिवसाचे शेवटचे सहा बाण लिहून ठेवले. पहिल्या बाणांना कुठलंही वजन बरं वाटतं. दुकानात, नव्या उत्साहात, दोनदा ओढून बघितलं की जड तेच चांगलं वाटतं, कारण जड म्हणजे संथ. तिसाव्या बाणानंतर खांदा दमतो, तेव्हा खरं काय ते कळतं. पुढं १४ आणि मागं ३५ या दिवशी माझे पहिले सहा बाण चार बोटांत बसले आणि शेवटचे सहा वितभर पसरले. पुढं १४, मागं २८ ला पहिले सहा थोडे सैल, पण शेवटचेही तेवढेच. मी दुसरं निवडलं. दमलेला हात जे मागतो ते द्यावं, ताज्या हाताचं फार ऐकू नये, असं माझं मत झालंय.

आणि जरा कडक वाटेल, पण लिहितो. स्टॅबिलायझरनं सुटणार नाहीत अशा चुका घेऊन लोक स्टॅबिलायझर विकत घेतात. ओढीची लांबी अर्धा इंच जास्त असेल तर पिन झोके घेणारच, पुढं किलोभर लोखंड टांगा. पौंड झेपत नसतील तर खांदा थरथरणारच. मूठ घट्ट आवळली असेल तर पीळ पडणारच. आधी या तीन गोष्टी, मग दांडा. माझ्या धनुष्याची ओढ भावासाठी साडेअठ्ठावीस इंच लावलेली होती. आमची उंची, हात सारखेच, म्हणून मला ती जशीच्या तशी बसली. पौंड मात्र मी पहिले दोन महिने बोल्ट सैल करून खाली आणले होते.

मराठवाड्यातल्या पोरांकडं बघून हे जास्त जाणवतं. आमच्याकडची बहुतेक पोरं बांबूच्या धनुष्यावर सुरुवात करतात. त्याला ना साइट, ना स्टॅबिलायझर. किनवट-माहूरकडच्या डोंगरात तर तिरकमठा घरातलाच. बांबूच्या धनुष्यावर हात तयार झालेली पोरं फार चांगली असतात, कारण त्यांना धनुष्य काय सांगतंय ते तळहातातून कळतं. मग कम्पाउंड हातात येतं आणि त्याच्यासोबत सामानाची यादी. लॉस एंजेलिसच्या २०२८ च्या ऑलिंपिकमध्ये कम्पाउंडची मिश्र सांघिक स्पर्धा पहिल्यांदा होणार आहे. त्यामुळं पालकही आता विचारायला लागलेत. कापसाच्या पट्टीतून वाचलेल्या पैशांतून पोरीला चांगला दांडा घेऊन देणाऱ्या बापाला मी ओळखतो. त्यांना मी एवढंच सांगतो : आधी वॉशर. पन्नास-शंभर रुपयांच्या वॉशरनी दोन महिने शोधा. मग जे घ्याल ते बरोबर घ्याल.

दिवाळीच्या आधी मी कार्बनचे दांडे घेतले. ॲल्युमिनियमची पातळ नळी बाण सुटल्यावर घुमायची, टोकाचं वजन क्षणभर हेलकावत राहायचं. कार्बन ताठ असतं, आणि त्याचा दांडा बोटाएवढा बारीक करता येतो. आमच्या उघड्या रानात वारं आडवं येतं तेव्हा बारीक दांड्याचा फरक पडतो. लांबी तीच, १२ आणि ९. वजनंही तीच, पुढं ४ औंस, मागं ८. पुढच्या टोकाला रबराची एक छोटी चकती ठेवली, आवाजासाठी नव्हे, मुठीत येणाऱ्या झिणझिणीसाठी.

भाऊ दिवाळीला आला. पाडव्याच्या सकाळी आम्ही आखाड्यावर गेलो. थंडी नुकती सुरू झालेली, पलीकडच्या हरभऱ्यात काळविटांचा कळप, एक काळाभोर नर मान वर करून उभा. भावानं बराच वेळ त्याच्याकडं बघितलं. "तिकडं असतो तर मी आता श्वास धरून बसलो असतो," म्हणाला. मग अण्णांनी हाताच्या टाळ्या वाजवल्या, हाऽऽ केलं, आणि कळप उड्या मारत बांधापलीकडं गेला.

धनुष्य त्याच्या हातात दिलं. त्याचंच ते, पाच वर्षं त्याच्याकडं होतं. त्यानं ओढलं, हात जबड्याशी टेकवून अँकर धरला, थांबला. मी बाजूनं त्याच्या मनगटाकडं बघत होतो. पहिला बाण वर गेला. दुसरा त्याच्याही वर. त्यानं धनुष्य खाली घेतलं, दांड्यांकडं बघितलं.

"दादा, तोंड वर जातंय माझं. आणि बुडबुडा उजवीकडं पळतोय."

"माझा तर मधे असतो."

"तुझा असेल."

एकच धनुष्य, एकच ओढ, सारखीच उंची. त्याची मूठ माझ्यापेक्षा जरा खाली दाब देते, एवढाच फरक मला दिसला. मी मागच्या टोकावरून दोन चकत्या काढल्या, दांडा थोडा आत वळवला. त्यानं परत ओढलं. तीन बाण कागदाच्या मधे, एकमेकांना टेकून.

"आता?" अण्णांनी बाजेवरून विचारलं.

"आता बरोबर, मोठे काका."

अण्णांनी मान हलवली. "मानेवर थोडं ठेवलंय न्हवं?"

भावाला ते कळलं नाही. मी म्हणालो, ठेवलंय.

दुपारी जेवण झाल्यावर तो अण्णांसोबत पाणी द्यायला गेला. मी बाजेवर बसलो, खिशातून त्या दोन चकत्या काढल्या, मागच्या टोकाला परत चढवल्या आणि दांडा होता तसा डावीकडं उघडला. डोळे मिटून ओढलं.